लाख माणसांना किती भोंगे

मुलगा मला अहमदाबादचं स्टेडियम बघायला घेऊन गेला तेव्हा माझी साठी उलटून गेली होती आणि दोन्ही गुडघे कुरकुरत होते. जगातलं सगळ्यात मोठं क्रिकेटचं मैदान, लाखाच्या वर माणसं बसतात, असं तो नांदेड सोडल्यापासून सांगत आला होता, जणू भिंतीला पाणी त्यानंच मारलं होतं. पायऱ्या चढून एका दारातून आत शिरलो आणि समोर ती हिरवीगार परात उघडली. खाली माणसं, वर माणसं, समोर मुंग्यांएवढी दिसणारी माणसं. मुलगा म्हणाला, "आई, पिच बघ, पिच!" पण मी पिच बघतच नव्हते. मान वर करून छताच्या कडेकडेनं भोंगे शोधत होते. कुठं बांधलेत, तोंड कुणीकडं केलंय, वायर कुठून नेलीय. "काय शोधतेस?" त्यानं विचारलं. म्हटलं, "भोंगे." त्याला माझी सवय आहे. थोड्या वेळानं पहिली विकेट पडली, ती सगळी परात एकदम उभी राहून ओरडली आणि माझ्या छातीत धडधडायला लागलं. ती धडधड म्हातारपणाची नव्हती, ओळखीची होती. पंधराव्या वर्षी अहमदपूरजवळच्या एका कोरड्या तलावात ती मला पहिल्यांदा भेटली होती, आणि तिच्याबद्दलच इथं लिहायचं आहे.

वडलांना आम्ही अण्णा म्हणायचो आणि सगळं गावही त्यांना अण्णाच म्हणायचं. त्यांचा धंदा लाउडस्पीकरचा. आमच्या वस्तीतल्या जयंतीला दरवर्षी अहमदपूरहून मशीन आणावं लागायचं आणि आणणारा माणूस ऐनवेळी तोंड लपवायचा. त्याला वैतागून अण्णांनी कुठून कुठून जमवाजमव करून स्वतःचंच मशीन केलं. मग आसपासची लग्नं, सप्ताह, सभा सगळीकडून बोलावणं यायला लागलं. ज्या गल्लीतून एरवी आम्हाला कुणी चहाला हाक मारली नसती त्या गल्लीतही अण्णा शिडी लावून थेट घरांच्या धाब्यावर चढायचे, कारण भोंगा वरच बांधावा लागतो. आमचं घर दोन खोल्यांचं आणि त्यातल्या एका खोलीची अख्खी भिंत सहा भोंग्यांनी भरलेली. मशीन म्हणजे आतमध्ये काचेचे दिवे असलेलं जुनं धूड, मायच्या जुन्या लुगड्याखाली झाकलेलं. पावसाळ्यात धंदा बंद असला की माय त्या भोंग्यांच्या मधे लसणाच्या माळा टांगायची आणि खालच्या भोंग्यात कोंबडी अंड्यावर बसायची. मृगानंतर कुणी सुपारी घेऊन आलं की अण्णा म्हणायचे, "पाचच भोंगे मिळतील, एक बाळंत हाय."

अण्णांची गर्दी मोजायची रीत निराळी होती. ते माणसं मोजायचेच नाहीत. हे दोन भोंग्यांचं लग्न, हा चार भोंग्यांचा सप्ताह, जयंती सहाची, असा त्यांचा हिशोब. कुणी दगावलं आणि मयतीला पुष्कळ लोक आले तर ते सांत्वनाला बसल्यावरही हळूच म्हणायचे, "चार भोंग्यांची माणसं व्हती, भला माणूस गेला." त्यांची दुसरी रीत भोंगे बांधायची. सहाच्या सहा भोंग्यांची तोंडं ते कायम बाहेरच्या बाजूला करायचे, मांडवाकडे पाठ. त्याला एक कारण मशीनचं होतं, भोंग्याचं तोंड माईककडे आलं की मशीन कुई करून कोकलतं. पण खरं कारण ते वेगळंच सांगायचे. "जो आलाय त्येला काय बोलवायचं? जो आला न्हाई त्येच्या कानावर गेलं पायजे." याच्यापुढं कुणाचं काही चालायचं नाही.

मला क्रिकेटचं वेड लागलं ते वाण्याच्या पुडीमुळं. मायनं गूळ आणला होता आणि पुडीच्या कागदावर एका मैदानाचं चित्र होतं, गुळाच्या डागासकट. मेलबर्न, खाली लिहिलं होतं, लाखभर प्रेक्षक. मी तो कागद पुसून, वाळवून भूगोलाच्या वहीत चिकटवला. पुढं पुड्या सोडणं हे घरातलं माझं काम होऊन बसलं. कलकत्त्याचं मैदान तुरीच्या डाळीत सापडलं, लंडनचं अर्धंच सापडलं, अर्धं दुसऱ्या कुणाच्या घरी साखर घेऊन गेलं. शेजारच्या गुरुजींच्या रेडिओवर मराठीतलं धावतं समालोचन लागलं की मी त्यांच्या ओट्यावर गहू निवडायचं निमित्त काढून बसायची. आमच्या घरचे गहू संपले तर त्यांचे निवडायची. चेंडूपेक्षा मला तो आवाज आवडायचा. इथून हजार कोसांवर एक माणूस बोलतोय आणि त्याच्या बोलण्यानं गुरुजी खुर्चीतून उठून उभे राहताहेत, याचं मला फार नवल वाटायचं.

एका दुपारी भाकरी, अंबाडीची भाजी आणि वर जवसाची चटणी असं जेवण चाललं होतं आणि मी अण्णांना मेलबर्नचा कागद दाखवला. अण्णांनी घास तसाच हातात धरला. "लाख? एका जागी?" मी म्हटलं, हो. त्यांनी चित्रातल्या माणसांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "मग छाये, लाखाला किती भोंगे लागत असतील गं?" आम्ही दोघांनी हिशोब मांडला. एका भोंग्याला किती माणसं, लाखाला किती, तेवढ्यांना बांबू किती, वायर किती. माय म्हणाली, "कोंबड्या किती लागतील तेबी मांडा." हिशोब जमेना. अण्णांचं म्हणणं, लाख माणूस एकदम ओरडलं तर भोंगा ऐकू कुणाला येणार? आणि ऐकूच येणार नसेल तर बांधायचा कशाला? त्यांना तो प्रश्न इतका लागला की पुढं कितीतरी दिवस धाब्यावर वायर ओढता ओढता ते मधेच थांबून म्हणायचे, "न्हाई जमत बग लाखाचं."

आता मला काय हवं होतं ते सांगते. मला त्या माईकवर बोलायचं होतं. कार्यक्रमाआधी माईक तपासायचं काम माझंच होतं. अण्णा लांब शिवेपर्यंत चालत जायचे आणि मी माईकवर "हॅलो, हॅलो, वन टू थ्री" म्हणायची, त्यांनी टोपी हलवली की गप्प. हॅलोच्या पुढं एक शब्द बोलायची मुभा नव्हती. "भोंगा गिऱ्हाइकाचा, बोलणं गिऱ्हाइकाचं. आपून आवाज पोचवायचा, आपला घालायचा न्हाई," हा अण्णांचा नियम. तो कुठून आला ते मायनं मला सांगितलं होतं. शेजारच्या सावरगावात एका लग्नात पंगत खोळंबली म्हणून अण्णांनीच माईकवर म्हटलं होतं, "मंडळी, जेवायला बसून घ्या." मांडवातून एक जण उठून म्हणाला, "तू कोण रे आमाला जेवायला बसवनारा?" आवाज पोचवणारे हात चालत होते, त्याच माणसाचं तोंड चालत नव्हतं. अण्णा त्या दिवशी न जेवता घरी आले आणि पुन्हा कधी माईकवर बोलले नाहीत. हे सगळं मला माहीत होतं, तरी माझी हौस काही जाईना. घरात कुणी नसलं की मी भिंतीवरचा एक भोंगा उतरवून त्याच्या बारक्या तोंडाला तोंड लावायची आणि अंगणातल्या कोंबड्यांना मेलबर्नची मॅच सांगायची. माय एकदा अचानक आली आणि म्हणाली, "बंद कर बाई, अंडी द्यायची इसरल्यात."

त्या उन्हाळ्यात गावातल्या पोरांनी क्रिकेटच्या स्पर्धा भरवल्या, आणि मैदान कुठलं तर गावाबाहेरचा आटलेला पाझर तलाव. मी भोंग्याचं एक युनिट, म्हणजे त्याच्या बुडाला बसतो तो जड डबा, छातीशी धरून भरावावर चढले, खाली बघितलं आणि जागच्या जागी थांबले. मधे सपाट तळ, त्यावर चुन्याची गोल रेघ आणि तीन बाजूंनी वर चढत गेलेला दगडी भराव. ही तर माझ्या वहीतली चित्रं! पाणी होतं तोवर कुणाला दिसलं नाही एवढंच. "अण्णा, हे स्टेडियम हाय!" मी ओरडले. अण्णांनी टोपी वर करून सगळीकडे नजर फिरवली, भराव बघितला आणि नेहमीप्रमाणे सहाही भोंगे भरावावरच्या बाभळींना बांधले, तोंडं बाहेर शिवाराकडे. स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष भाऊराव धावत वर आले. "अवो अण्णा, उलटे बांधले की! मॅच हिकडं हाय अन् तुमचे भोंगे तिकडं!" अण्णा शिडीवरूनच म्हणाले, "हिकडच्यांना दिसायलंय की. ज्यास्नी दिसना त्यास्नी ऐकू जाऊ द्या." भाऊराव कपाळाला हात लावून खाली गेले. दोन दिवस सामने झाले, भरावावर कशीबशी पन्नासेक टाळकी. सगळा गाव अण्णांना उलट्या भोंग्यांवरून हसला आणि अण्णांनी ते मनावर घेतलं नाही असं मला तेव्हा वाटलं. आता वाटतं, घेतलं असणार.

तिसऱ्या दिवशी शेवटचा सामना, आमचं गाव आणि सावरगाव. अहमदपूरच्या शाळेतले एक सर समालोचनाला येत असत, तोंडात नुसता तोफखाना. पण आदल्या दिवशी जिंकल्याच्या आनंदात पोरांनी त्यांना बर्फाचे गोळे खाऊ घातले होते, लागोपाठ पाच. सर आले, माईकपुढं उभे राहिले, तोंड उघडलं आणि आतून नुसती हवा आली. पुन्हा उघडलं, पुन्हा हवा. सावरगावची पोरं खो खो हसायला लागली. भाऊराव घामाघूम. "आता कोण बोलंल? शेवटच्या मॅचला मुक्यानं खेळायचं का?" एकानं दुसऱ्याला पुढं ढकललं, दुसरा माईक बघून मागच्या मागे पळाला. "गाणी लावा मग," भाऊराव म्हणाले. पंच आत निघाले. मी वैशाखातल्या उन्हात माईकशेजारीच उभी होते. अण्णांनी मशीनचं बटन फिरवलं आणि माझ्याकडे न बघताच नेहमीचं वाक्य बोलले, "छाये, हॅलो म्हन."

मी म्हटलं हॅलो. बाहेरून, लांबून, शिवारातून माझा आवाज मलाच परत ऐकू आला. पुन्हा म्हटलं, हॅलो. आणि तिथं थांबायचं असतं ते माझ्याकडून झालंच नाही. "हॅलो, नमस्कार मंडळी. मेलबर्नला लाख माणूस बसतं, कलकत्त्यालाही बसतं, पण दोन्हीकडं आत बाभळी नाहीत. आज आपण आहोत जगातल्या सगळ्यात मोठ्या मैदानावर, आपल्या पाझर तलावात!" एवढं बोलले आणि वळून मशीनकडे बघितलं. अण्णांचा हात बटनावर होता. एक बारीक वळण दिलं असतं तर मी संपले असते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी डोळे मिटून घेतले. तेवढ्यात भाऊरावांचा आवाज आला, "अण्णा, पोरगी बोलायली की! कोण सांगितलं तिला बोलायला?" पुन्हा तोच 'कोण', लग्नातला. मी डोळे उघडले. अण्णा मशीनवर वाकून आतल्या काचेच्या दिव्यांकडे बघत होते. शांतपणे म्हणाले, "मशीन तापायचंय, भाऊराव. तापेपस्तोर कुनीतरी बोलावंच लागतंय. नसता गाणी फाटतील." हे धादांत खोटं होतं. मशीन केव्हाच इतकं तापलं होतं की त्यावर भाकरी भाजली असती.

मग काय, मी सुटले. आमची पाळी नंतर होती, सावरगाव आधी खेळलं. त्यांच्या पहिल्याच फलंदाजाचा दांडू हवेत फिरला आणि मागच्या यष्टीची काठी उडाली, आणि मी अशी काही किंचाळले की सहाही भोंगे थरथरले. तोंडात शब्द शोधावे लागतच नव्हते, दोन वर्षं कोंबड्यांना सांगितलेलं सगळं रांगेनं उभं होतं. षटक संपलं की भाऊराव यायचे, "तापलं का?" अण्णा म्हणायचे, "जरा ऱ्हायलंय." चौथ्या खेपेला भाऊराव आले आणि विचारायचं विसरून माझ्या शेजारीच उकिडवे बसले. आणि त्याच सुमाराला मला पलीकडच्या भरावावर एक घमेलं दिसलं. घमेल्याखाली एक बाई. मग दुसरं घमेलं, मग पाच, मग मोजता येईना. मैलभरावर रोजगार हमीवर दुसऱ्या तलावाचं काम चालू होतं आणि अण्णांचे उलटे भोंगे मघापासून थेट त्यांच्या डोक्यावर बोलत होते. पोरीचा आवाज म्हणून बायांनी आधी कान दिला, मग टिकाव टाकले, आणि त्यांना अडवायला निघालेला मुकादम त्यांच्या आधी पळत आला असं मागाहून कळलं. आमच्या भागात बायका मॅच बघायला बसलेल्या तोपर्यंत कुणी पाहिल्या नव्हत्या. त्या घमेली पालथी घालून त्यांवर बसल्या, पदर डोक्यावर ओढून, ओळीनं, पायरी पायरीनं. मागून सावरगावच्या बाया आल्या, वाटेनं जाणारे बैलगाडीवाले आले. सगळा भराव भरला. माझ्या वहीतलं चित्र माझ्या डोळ्यांदेखत माणसांनी भरत होतं आणि मी ते माईकवर सांगत होते, "पूर्वेची गॅलरी भरली! पश्चिमेला जागा आहे, बायांनो, दाटीवाटी करू नका!"

शेवटचा चेंडू आणि जिंकायला चार धावा. एवढं गप्प झालं की भोंग्यांची घरघर ऐकू येत होती. आमच्या पोरानं डोळे मिटून दांडू फिरवला असं तो स्वतःच नंतर सांगायचा. चेंडू वर गेला. मी ओरडले, "चेंडू हवेत... अजून हवेत... रेघेवर... रेघेच्या पार..." आणि एरवी मायच्या जोडीनं कामाला जाणारी गयाबाई भरावावर उभी राहिली, तिनं खालचं घमेलं उचललं, दोन्ही हातांनी पुढं धरलं आणि चेंडू खणकन त्यात पडला. "गयाबाईच्या घमेल्यात!" हे मी म्हटलं की नाही कुणास ठाऊक, कारण त्यापुढं मला माझाच आवाज ऐकू येईना. सगळा तलाव ओरडत होता. बाया घमेल्यांवर दगड आपटत होत्या, गयाबाई चेंडूसकट घमेलं डोक्यावर घेऊन उभी होती, बसलेल्या घशाचे सर तोंड उघडून नुसती हवा सोडत नाचत होते. मी माईकमध्ये किंचाळत राहिले आणि मला काही म्हणजे काही ऐकू येईना. वळून बघितलं तर अण्णांनी बटन शून्यावर आणून ठेवलं होतं. मशीनवर हात ठेवून ते त्या गर्दीकडे बघत होते, आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

घरी परतताना बैलगाडीत भोंगे एकमेकांवर आपटत होते आणि अण्णा माझ्याकडे पाठ करून गाडी हाकत होते. मला वाटलं, आता बोलणी बसणार. ओढा ओलांडल्यावर ते म्हणाले, "लाखाचं जमलं बग आज." मी विचारलं, "किती भोंगे लागतात?" ते म्हणाले, "लोक यायच्या आदी लई लागत असतील. आल्यावर एकबी न्हाई." घरी मायनं परातभर सुशीला करून ठेवला होता, मुरमुऱ्यांचा, वरून दाण्याचं कूट आणि भरपूर कोथिंबीर घातलेला. सगळी मॅच तिनं चुलीपाशी बसून ऐकली होती आणि दोन भाकरी करपवल्या होत्या. "चार लागत व्हते तवा तू पानी प्यायला थांबलीस," ती मला म्हणाली, "माझा जीव हितं टांगनीला." अण्णा सुशीला खाता खाता एकटेच हसत होते.

त्यानंतरचं काम सावरगावचंच होतं, लग्नाचं. घरही तेच आणि गल्लीही तीच, जिथं अण्णांना कुणीतरी तू कोण म्हणून विचारलं होतं. अण्णांनी शिडी लावली, भोंगे बांधले, तोंडं बाहेर. मशीन सुरू करून ते नेहमीसारखे शिवेपर्यंत चालत गेले नाहीत, तिथंच माझ्या शेजारी उभे राहिले. मांडवातली माणसं आमच्याकडे बघत होती. मी सवयीनं माईक तोंडाशी धरला आणि म्हटलं, "हॅलो..."

अण्णांनी टोपी सरळ केली आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ते हॅलो ऱ्हाऊ दे आता, छाये. मशीन तापलंय. बोल."